कारवी आणि नीलकुरिंजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "यंदा कारवी आहे का?" "मुन्नारची ती निळी फुलं म्हणजे आपली कारवीच ना?" आणि अलीकडे वाढलेला प्रश्न, "कुरिंजी धोक्यात आली म्हणे, मग कारवीचं काय?" गेली बरीच वर्षं मी पावसाळ्यात घाटमाथ्यावर फिरते. कारवीचे बहर पाहिले आणि २०१८ साली मुन्नारला जाऊन कुरिंजीही पाहिली. दरवेळी तुटक उत्तरं देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

कारवी आणि नीलकुरिंजी ही एकाच झाडाची दोन नावं आहेत का?

नाही. दोघी एकाच घरातल्या, पण जाती वेगळ्या. कारवीचं शास्त्रीय नाव स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा, नीलकुरिंजीचं स्ट्रोबिलॅन्थस कुंथियाना. अडुळसा, आबोली, कोरांटी ही आपल्या अंगणातली मंडळीही याच कुळातली.

आपल्या कारवीचा एक मान मला फार आवडतो. ब्रेमेकँप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ साली तिच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिलं 'कार्विया'. म्हणजे आपल्या डोंगरातला शब्द थेट लॅटिन नावात गेला. पुढे तिला पुन्हा स्ट्रोबिलॅन्थसमध्ये घेतलं, तरी जुन्या पुस्तकांत कार्विया कॅलोसा हे नाव अजून भेटतं.

समोर आली तर ओळखायची कशी?

उंचीवरून लगेच कळतं. कारवी माणसाच्या डोक्यावरून जाते, चांगल्या ओलीच्या उतारावर दोन माणसांएवढीही होते. तिच्या रानातून वाट काढताना पुढचा माणूस दिसत नाही. पानं मोठी, कडेला दाते असलेली, हाताला खरखरीत. काठी बोटांत धरून फिरवली तर पेरं फुगीर लागतात आणि सालीवर बारीक उंचवटे जाणवतात. 'कॅलोसा' म्हणजे घट्टे पडलेली, हे नाव काठी हातात घेतल्यावर पटतं. बहरात कणसासारखे तुरे येतात. त्यांना हात लावला की बोटं चिकट होतात आणि तो उग्र वास बराच वेळ जात नाही.

नीलकुरिंजी साधारण गुडघा ते मांडीएवढी. ती गवताळ डोंगरावर उघड्यावर वाढते, त्यामुळे फुलली की अख्खा डोंगर एका नजरेत निळा दिसतो. कारवी मात्र बऱ्याच ठिकाणी झाडांच्या खाली, उतारांवर आणि कड्यांच्या पोटाशी असते. तिचा बहर लांबून पाहण्यापेक्षा आत शिरून पाहायचा.

कारवी सात वर्षांनी फुलते की आठ?

दोन्ही बरोबर, फरक फक्त मोजण्याचा. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बहर बघा: २००८, २०१६, २०२४. नीलकुरिंजीचं बारा वर्षांचं, म्हणजे बरोबर एक तप. मुन्नारला २००६ आणि २०१८ ला फुलली, आता २०३० ला.

मात्र सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. प्रत्येक डोंगराचं चक्र वेगळं चालू असतं, म्हणून कधी भीमाशंकरकडून बातमी येते, कधी माळशेजकडून. कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या बाबा बुडनगिरीवर नीलकुरिंजी २०२२ ला फुलली, मुन्नारच्या चार वर्षं मागे. शिवाय चुकार झुडपं भलत्याच वर्षी फुलतात. तेवढ्यावरून 'बहर आला' असं कळवू नका, लोक लांबून येऊन हिरमुसतात.

इतकी वर्षं थांबून एकदम का फुलतात? आणि मग मरतात का?

हो, मरतात. आयुष्यात एकदाच फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं. बऱ्याच बांबूंचं असंच असतं.

एकदम फुलण्यामागचं सर्वात पटणारं कारण बियांशी जोडलेलं आहे. किडे, उंदीर, रानकोंबड्या अशा बियांवर टपलेल्या जिवांची संख्या दरवर्षीच्या खाण्यावर ठरते. सात वर्षं काहीच द्यायचं नाही आणि आठव्या वर्षी इतकं द्यायचं, की सगळ्यांनी पोटभर खाऊनही जमिनीवर भरपूर उरावं. थोड्या झुडपांनी हा डाव साधत नाही, त्याला संख्या लागते. रान तुकड्यातुकड्यांत उरलं की झुडपं असूनही बी टिकेलच असं सांगता येत नाही.

फुलांचा रंग हा पाहुण्यांचा आनंद. झाडाच्या दृष्टीने तो सात किंवा बारा वर्षांच्या साठवणीचा एकमेव खर्च आहे. हे एक लक्षात ठेवलं, तर पुढची सगळी उत्तरं सोपी होतात.

महाराष्ट्रात नीलकुरिंजी दिसते का?

नाही. तिचं घर दक्षिणेत, साधारण १,३०० ते २,४०० मीटर उंचीवर: केरळचा मुन्नारचा परिसर, तमिळनाडूतले पळणी आणि निलगिरी, कर्नाटकातले चिकमगळूरकडचे डोंगर. आपल्याकडे तेवढी उंची क्वचितच आहे, कळसूबाईच १,६४६ मीटर. शिवाय तिथली शोला रानं, म्हणजे घळीत दाट झाडी आणि वर मोकळं गवत, ती रचनाच आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात कुणी 'नीलकुरिंजी फुलली' म्हणून फोटो पाठवला, तर तो कारवीचा किंवा टोपली कारवीचा असतो.

टोपली कारवी म्हणजे कारवीचं पिल्लू का?

नाही, तीही वेगळी जात. कासच्या पठारावर उपडी टोपली ठेवल्यासारखी गोल, बुटकी झुडपं दिसतात, ती टोपली कारवी. तिचाही बहर काही वर्षांनी येतो. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे कारवी म्हटलं की लोकांना बहुधा हीच अभिप्रेत असते.

दोघींची आजची संवर्धन स्थिती काय?

नीलकुरिंजी 'असुरक्षित' आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत तिची नोंद २०२४ च्या मूल्यांकनातून झाली. त्याआधी तिचं जागतिक पातळीवर मूल्यांकनच झालेलं नव्हतं. अख्ख्या प्रांतांना, कवितांना, सणांना माहीत असलेलं फूल, पण यादीत नाही, असं कित्येक वर्षं चाललं. या मूल्यांकनात तिचे ३४ समूह मोजले गेले. त्यातले ३३ पश्चिम घाटात आणि एकच पूर्व घाटात, येरकाडकडच्या शेवरॉय डोंगरात.

कारवीची गणना धोक्यातल्या वनस्पतींत होत नाही. डांगपासून खाली कोकण आणि घाटमाथा धरून गोव्यापर्यंत, पुढे कर्नाटकात, शिवाय मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात ती आहे. सह्याद्रीच्या कितीतरी उतारांवर सर्वात जास्त संख्येने दिसणारं झुडूप हेच.

'असुरक्षित' हे ठरवतात कसं? मुन्नारला तर डोंगरच्या डोंगर फुलतात.

हा प्रश्न फार चांगला आहे. लाल यादी नुसती आजची डोकी मोजत नाही, घट किती वेगाने झाली तेही पाहते. नीलकुरिंजीला लावलेला निकष असा, की दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा असेल तेवढ्यात घट किमान ३० टक्के झालेली असावी. माणसाला दहा वर्षं खूप वाटतात. कुरिंजीच्या आयुष्यात दहा वर्षांत एकही फूल नाही. तिच्या तीन पिढ्या म्हणजे ३६ वर्षं.

त्या काळात काय झालं? चहाचे मळे वाढले, निलगिरी, वॅटल आणि पाइनच्या लागवडी गवताळ डोंगरांवर चढल्या, रस्ते आणि बांधकामं आली, वणवे लागले. मूल्यांकनात तिचा सुमारे ४० टक्के अधिवास गेल्याचं नोंदवलं आहे. मुन्नारचा फुललेला डोंगर खरा आहे, पण तो उरलेल्यातला आहे. इरविकुलम राष्ट्रीय उद्यान ९७ चौरस किलोमीटरचं, निलगिरी ताहर या रानबकऱ्यासाठी राखलेलं. त्या बकऱ्यासाठी गवत राखलं म्हणून कुरिंजीही राहिली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते: फुलाला कुंपण घालून फूल वाचत नाही, त्याचं गवत वाचावं लागतं.

कारवी एवढी मुबलक आहे, तर काळजी कशाला?

जात म्हणून आज काळजी नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण जात टिकते आणि डोंगर ओका होतो, असंही घडतं. कारवीच्या तीन पिढ्या म्हणजे चोवीस वर्षं. लोणावळा, मुळशी किंवा ठाण्याच्या कडेचा एखादा ओळखीचा डोंगर चोवीस वर्षांपूर्वीचा आठवा आणि आजचा बघा. बंगल्यांसाठी सपाट केलेला उतार, मधोमध कापलेला रस्ता, प्लॉटिंगचे दगड. असा उतार कुठल्याच लाल यादीत चढत नाही, कारण यादी जातीची असते, डोंगराची नसते.

कारवीचं काम उतार धरून ठेवण्याचं आहे. तिच्या खरखरीत पानांना गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या डोंगरावरही ती उभी राहते आणि तिच्या मुळांशी माती राहते. ती काढली की पहिल्या दोन पावसाळ्यांत ओहोळ लाल होऊन वाहतात.

आणि नीलकुरिंजी जिथून गेली तिथेही ती एके काळी मुबलकच होती.

कायद्याने संरक्षण आहे का?

नीलकुरिंजीला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित वनस्पतींच्या तिसऱ्या अनुसूचीत आता तिचं नाव आहे. ती उपटणं, नष्ट करणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आणि दंड आहे. केरळने इडुक्की जिल्ह्यात २००६ च्या बहराच्या वेळी तिच्यासाठी कुरिंजीमला अभयारण्यही जाहीर केलं, सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं. फक्त त्या जमिनींच्या मालकीचे आणि हद्दीचे वाद वर्षानुवर्षं चालले.

कारवीचं नाव त्या अनुसूचीत नाही. पण बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अशा राखीव क्षेत्रांत कुठलंही झुडूप तोडायला मनाई आहे, त्यात कारवी आलीच. बाहेरच्या खाजगी डोंगरांवर तिला कुणी वाली नाही.

आदिवासी काठ्या तोडतात म्हणून कारवी कमी होते, हे खरं का?

हे वाक्य मी शहरातल्या गटांबरोबर फिरताना नेहमी ऐकते आणि मला ते खटकतं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या घरांचा कूड कारवीचाच. अकोले तालुक्यात एका ठाकरवाडीत पावसामुळे अडकून मी एका आजींच्या घरी बसले होते. भिंतीचा एका कोपऱ्यातला गिलावा निघाला होता आणि आतली रचना दिसत होती: अंगठ्याएवढ्या जाड काठ्या उभ्या, एकीला एक लागून, आडव्या काठ्यांना वेलीने आवळलेल्या, त्यावर शेणमातीचा लेप. आजींनी तिथेच बसून मूठभर ओली माती त्या कोपऱ्यात दाबली आणि हाताच्या टाचेने सारखी केली. कारवी फुलली त्या साली धाकटा जन्मला, हे त्यांचं गणित. मुन्नारकडचे मुथुवन लोकही वय कुरिंजीच्या बहरांवरून सांगतात, हे मला नंतर कळलं.

वाळलेल्या काठ्यांचा असा वापर पिढ्यान् पिढ्या चालला आणि रान टिकलं. आता त्याच वाड्यांमध्ये विटा आणि पत्रे आले आहेत, काठ्यांची गरज घटली आहे. टोमॅटो, वालाच्या मांडवांसाठी ट्रक भरून काठ्या नेणं ही वेगळी गोष्ट. विशेषतः बहराच्या वर्षी बी पिकायच्या आत तोड झाली, तर ती काठीची नाही, पुढच्या पिढीची तोड.

बहराच्या वेळी चार फुलं तोडली तर काय बिघडतं?

चार फुलांनी नाही बिघडत. पण रविवारी एका वाटेवर हजार माणसं असतात आणि प्रत्येकाची चारच असतात. शिवाय मोठं नुकसान पायांनी होतं: फोटोसाठी वाट सोडून झुडपांत घुसलं, की तुरे मोडतात आणि खालची ओली माती घट्ट होते. पुढच्या पावसात रोपं त्याच मातीत रुजायची असतात. तुऱ्यावर माश्या काम करत असतात तेवढं अंतर ठेवून उभं राहिलं तरी फोटो छान येतो.

मग सर्वात मोठा धोका कुठला?

माझं मत सांगते: वणवा. आणि तोही बहरानंतरच्या उन्हाळ्यातला.

कारवी ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते. फळं धरतात, झुडूप वाळतं, पण बी लगेच पडत नाही. वाळक्या फळांमध्ये ते हिवाळा आणि अख्खा उन्हाळा झुडपावरच असतं, पहिल्या पावसाची वाट बघत. म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात सबंध डोंगराचं आठ वर्षांचं बी कोरड्या काठ्यांच्या टोकांवर टांगलेलं असतं. मेलेली आई आणि न पडलेलं बाळ, दोन्ही एकाच काठीवर. अशा रानात एक विडीचं थोटुक किंवा 'गवत चांगलं येतं' म्हणून लावलेली एक काडी पुरते. दुसऱ्या कुठल्याही वर्षी आग लागली, तर जळतात झुडपं. या एका वर्षी जळते ती पिढी, आणि मागे पर्याय काही उरत नाही.

बहराला गर्दी जमते, वनखात्याचे कर्मचारी उभे राहतात, वाहनं मोजली जातात. मार्चमध्ये तिथे कुणी नसतं. ज्या गावांना आपल्या डोंगरासाठी काही करायचं आहे, त्यांनी बहराच्या पुढच्या जानेवारीत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढाव्यात, हे मी दरवेळी सांगते. फुलं बघायला येणाऱ्या गटांनी त्या कामाला एक दिवस दिला, तर बहर पाहिल्याचं ऋण फिटेल.

कारवीचा मध वेगळा असतो का?

असतो. बहराच्या वर्षी आग्या आणि सातेरी माश्या कारवीवर तुटून पडतात आणि तो मध दाट, गडद रंगाचा येतो. कुरिंजीच्या मधालाही तिकडे मान आहे. पण दरवर्षी दुकानात 'कारवीचा मध' मिळत असेल, तर कुठल्या डोंगरावरचा आणि कुठल्या सालचा, हे जरूर विचारा.

कुरिंजीचं बी आणून घरी लावता येईल का?

नाही. एक तर कायदा आड येतो. दुसरं, तिला लागते थंड हवा, धुकं आणि डोंगरावरचं गवत. कुंडीत बारा वर्षं सांभाळून एक फूल पाहण्यात मला हशील दिसत नाही. कारवीचंही तेच. तुमचा स्वतःचा घाटातला उतार असेल, तर लावायच्या भानगडीत न पडता असलेली राखा.

२०१८ ला मुन्नारला नेमकं काय झालं?

ऑगस्टच्या मध्यावर, ऐन बहराच्या तोंडाशी केरळात महापूर आला. दरडी कोसळल्या, मुन्नारचे रस्ते तुटले. कळ्या आल्या होत्या, पण पावसाने फुलोऱ्याला झोडपलं. सप्टेंबरमध्ये ऊन पडलं तेव्हा जेवढं उरलं तेवढं फुललं. मी गेले ते त्यानंतर. राजमलाच्या उतारावर निळाईचे पट्टे होते, मधे दरडींचे तांबडे ओरखडे. नुकतं उमललेलं फूल फिकट निळं होतं आणि शेजारचं जुनं जांभळ्याकडे झुकलेलं. वारा आला की ताहरांचा कळप फुलांतून डोकी वर काढून बघायचा.

तमिळ संगम साहित्यात डोंगराळ प्रदेशाला 'कुरिंजी' हेच नाव आहे. वल्लीशी लग्न करताना मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, गळ्यात कुरिंजीची माळ होती असं मानतात. कोडईकनालला कुरिंजी आंडवर म्हणून त्याचं देऊळ आहे. दोन हजार वर्षांच्या कवितेतलं फूल आणि समोर एका पावसाने अर्धं झालेलं. पुढची संधी थेट बारा वर्षांनी. घोटभर चहा प्यायलाही थांबवेना, मळे चहूकडे होते.

बहर चुकला. आता बघण्यासारखं काही उरलं का?

उरलं आहे, आणि ते फार थोडे लोक बघतात. बहराच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये, पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर त्याच डोंगरावर जा. रान भकास दिसेल, नुसत्या करड्या काठ्या. बोलणं बंद करून दहा मिनिटं बसा. ओल धरलेली फळं फुटायला लागतात. आधी एक टक्, मग उजवीकडे दुसरी, मग सगळ्या उतारावर तडतड सुरू होते, लाह्या फुटाव्यात तशी. बिया छत्रीवर, टोपीवर येऊन आपटतात. पंधरा-वीस दिवसांनी परत गेलात, तर पाय ठेवायच्या आधी खाली बघा, रोपं वाटेवरसुद्धा उगवलेली असतात.